शिळ्या नोंदी

३ मार्च, सोमवार

नवी नोकरी, नवं घर आणि नवी वही, तिन्हींचा श्रीगणेशा एकाच दिवशी झाला. दिवसभर कंपन्यांचा डेटा सांभाळणारी बाई स्वतःची रोजनिशी मात्र कागदावर लिहिते, याचं नवऱ्याला फार हसू येतं. येऊ दे. मशीनचा भरवसा किती धरायचा ते आम्हा मशीनवाल्यांनाच माहीत असतं.

घर कंपनीनंच दिलंय. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघराला मोठी खिडकी आणि लिफ्ट चक्क चालू. शाळा रस्त्याच्या टोकाला. खिडकीजवळचा पलंग कुणाचा यावरून मुलींची चांगलीच जुंपली. थोरली अकरा वर्षांची आहे, तिनं वयाचा मुद्दा काढला. धाकटी सहाची, तिनं भोकाड पसरलं. शेवटी दोघी त्याच पलंगावर एकमेकींना लाथा मारत झोपल्या आणि दुसरा पलंग रिकामाच राहिला. नवरा चित्रकलेचा मास्तर आहे. इथे काम मिळेपर्यंत घराचं सगळं तो बघणार. पहिल्याच दिवशी त्यानं भात करपवला आणि वर भिंत कोणत्या रंगाची करायची ते मला विचारलं.

ऑफिसात तिघांशी नीट ओळख झाली. मॅडम, म्हणजे आमच्या विभागप्रमुख, बोलायला मऊ आणि साडीची इस्त्री कडक. काउंटरवर बसणाऱ्या ताई, ज्यांनी माझं ओळखपत्र बनवता बनवता सासूबाईंच्या अकरा तक्रारी ऐकवल्या. मी मोजल्या. आणि मफलर. हे इथले सगळ्यात जुने गृहस्थ. स्टोरेजच्या हॉलमध्ये हाडं गोठवणारी थंडी असते, म्हणून गळ्याला सदा विणलेला तपकिरी मफलर, त्यामुळे सगळे त्यांना मफलरच म्हणतात आणि ते ओही देतात. तो त्यांच्या बायकोनं विणलेला. बरोबर एकला ती डबा घेऊन येते आणि दोघं फाटकाजवळच्या बाकावर शाळेतल्या पोरांसारखी शेजारी बसून जेवतात. तिनं माझ्या गळ्याचं माप डोळ्यांनीच घेतलं आणि आठवड्यात विणून देते म्हणाली.

संध्याकाळी आरोग्य योजनेचा फॉर्म भरला. कामाला लागणाऱ्यानं आपल्या आश्रितांची, म्हणजे घरच्या माणसांची, प्रत्येकी पाच पानं भरायची. नवऱ्याची भरली, थोरलीची भरली, मग कंटाळा आला. थोरलीच्या पानांची कॉपी काढली, नाव, वय, इयत्ता बदलली, झाली धाकटीची पानं तयार. काउंटरताई म्हणाल्या, एवढ्या लवकर कुणी भरत नाही.

५ मार्च, बुधवार

काम काय आहे ते एकदा लिहून ठेवते, कारण नवऱ्याला चारदा सांगूनही ते त्याच्या डोक्यावरून गेलं.

हॉलमध्ये डिस्कांनी भरलेली कपाटं आहेत, ते स्टोरेज. दवाखाने, बँका, कारखाने यांचे सर्व्हर ती जागा वापरतात. त्या प्रत्येक सर्व्हरला होस्ट म्हणायचं. प्रत्येक होस्टवर आम्ही एक छोटासा प्रोग्रॅम बसवतो, तो एजंट. एजंटचं काम एकच. दर मिनिटाला आमच्या कन्सोलला, म्हणजे देखरेखीच्या मशीनला, कळवायचं की मी अमुक, मी आहे, माझी इतकी इतकी जागा. ज्याचा एजंट सात दिवस गप्प, त्याची ओळ कन्सोलवर राखाडी होते. तिला इथे 'शिळी' म्हणतात. शिळी नोंद काढली की तिची जागा पुसली जाते आणि दुसऱ्याला मिळते. पुसलेलं परत येत नाही. हे मफलरनी दोनदा सांगितलं.

आज एका कंत्राटी इंजिनियरवर मी यथेच्छ तोंडसुख घेतलं. त्यानं एका सर्व्हरवर एजंट बसवला आणि मग वेळ वाचवायला त्या सर्व्हरची आख्खी कॉपी काढून दुसरा उभा केला. एजंटची ओळख-फाइल आतच राहिली. आता दोन मशीनं, क्रमांक एकच. कन्सोलला एकच होस्ट दिसतो आणि त्याचं नाव मिनिटामिनिटाला बदलतं, शेवटी ज्यानं कळवलं त्याचं. मी त्याला म्हटलं, कॉपी काढायची तर आधी ओळख पुसावी, एवढं बालवाडीतही शिकवतात. बिचारा कानापर्यंत लाल झाला. मफलर हसून म्हणाले की ही चूक प्रत्येकाच्या हातून एकदा होतेच. मी म्हटलं, माझ्या हातून ह्या जन्मी नाही.

८ मार्च, शनिवार

आरोग्य योजनेचे पट्टे आले. घड्याळासारखे मनगटावर बांधायचे, राखाडी रंगाचे. नवऱ्याला एक, मुलींना एकेक. नाडी वगैरे मोजतात म्हणे. धाकटीनं लगेच त्यावर पेनानं फूल काढलं. थोरलीला तो मुळीच आवडला नाही, पण धाकटी घालतेय म्हटल्यावर तिनंही बांधला.

दुपारी चौघं नदीवर जाऊन आलो. धाकटी पाण्यात घसरली तर थोरली कपड्यांसकट मागोमाग उतरली आणि तिला वेणीला धरून बाहेर काढलं. पाणी गुडघाभर होतं. तरी परत येताना थोरलीनं तिचा हात काही सोडला नाही, आणि धाकटी वेणी दुखते म्हणून रस्ताभर तिच्याच नावानं ओरडत होती. मी आणि नवरा मागून हसत चाललो होतो. बऱ्याच वर्षांनी इतकी निवांत आहे मी.

११ मार्च, मंगळवार

पसारा मला खपत नाही. माहेरी माझं नावच झाडू होतं. कन्सोलची यादी बघून पहिल्या दिवसापासून हात शिवशिवत होते, आज मुहूर्त लागला. चारशेवर होस्ट, त्यांतल्या साठेकांवर जुना एजंट होता, तो काढून नवा बसवला. मग राखाडी ओळी साफ करायला घेतल्या.

यादीच्या तळाशी एक गट आहे, त्याचं नाव 'आश्रित'. हे होस्ट हॉलमध्ये कुठेच नाहीत. म्हणजे ते मनगटी पट्टेच, त्यांतही आमचाच एजंट आहे तर! मफलरनी काल सांगितलं होतं की त्या गटाला हात लावू नका. त्यांच्या बायकोच्या पट्ट्याची बॅटरी गेलीय, नवा यायचाय. पण आज ते पलीकडच्या इमारतीत एजंट बसवायला गेले होते. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या की नियम सगळ्यांना सारखा, सात दिवस म्हणजे सात दिवस. चौदा ओळी राखाडी होत्या. चौदाही काढल्या.

गंमत म्हणजे त्या एकेका ओळीनं बँकेच्या आख्ख्या सर्व्हरपेक्षा जास्त जागा अडवली होती. नाडीच्या आकड्यांना एवढी जागा कशाला लागते कोण जाणे. मोकळी झालेली जागा बघून मॅडमचा चेहरा उजळला. मीही हरभऱ्याच्या झाडावर चढले आणि सुचवलं की आश्रित गटाला सात दिवस तरी कशाला द्यायचे, एजंट गप्प झाला की तत्काळ जागा परत घ्यावी. त्यांनी ते लिहून घेतलं. दुसऱ्याच आठवड्यात शाबासकी!

१३ मार्च, गुरुवार

काउंटरताई आज गप्प. सकाळपासून सासूबाईंचा 'स'सुद्धा नाही. मी आपली चेष्टेनं विचारलं की काय, आज सासूबाईंनी उपवास करवला की काय तोंडाला? त्यांनी माझ्याकडे कोऱ्या नजरेनं पाहिलं. म्हणाल्या, मला सासू नाही, ह्यांना आई कधी नव्हतीच, हे अनाथाश्रमात वाढले. वर हेही म्हणाल्या की परवापासून कुणी एक म्हातारी घरात घुसून बसली होती, तिला ह्यांनी हाताला धरून बाहेर काढली, आणि आता कसं घर मोठं मोठं वाटतंय.

मी हसले. मला वाटलं, त्या माझी फिरकी घेतायत.

१४ मार्च, शुक्रवार

एक वाजता मफलर कॅन्टीनमध्ये एकटेच जेवत होते. मी म्हटलं, आज बाकावर नाही? ते म्हणाले, कुठल्या बाकावर?

खिडकीतून बाक दिसतो. त्यांची बायको डबा मांडीवर घेऊन बसली होती. जेवण झाल्यावर मफलर तिच्या समोरून पान खायला गेले आणि आले. ती उठली, काहीतरी बोलली. त्यांनी थांबून नीट ऐकून घेतलं, मान हलवली आणि आत आले. मी विचारलं, भांडण झालंय का? तर म्हणाले की ती बाई बिचारी कुणाला तरी शोधतेय, माझ्यात कुणाचा तरी भास होतोय तिला. चार दिवस झाले, त्यांच्या जिन्यातच झोपते. मी रखवालदाराला सांगितलंय, म्हणाले, तिला उन्हात बसू देऊ नकोस. फार सभ्य गृहस्थ आहेत मफलर.

मी म्हटलं, अहो, ती तुमची बायको आहे. ते मोठ्यांदा हसले. मी लग्नच केलं नाही, म्हणाले.

 घरी आले. मुलींना जवळ घेऊन बसले तर धाकटी म्हणाली, आई, तुझे हात गार आहेत.

१७ मार्च, सोमवार

नोटीस लागली. आश्रित गटातला एजंट गप्प झाला की जागा तत्काळ परत घेतली जाईल. खाली 'सूचना स्वीकारली' म्हणून माझं नाव आहे. मॅडमनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या.

मी दुपारी त्यांच्या खोलीत गेले आणि मफलरच्या बायकोचं विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही, तेच जास्त भीतीदायक होतं. शांतपणे म्हणाल्या की माणूस मनात घरच्यांसाठी जेवढी जागा अडवून बसतो तेवढी दुसरं काहीच अडवत नाही. पट्टा बांधला की ती सगळी जागा इथे आणून ठेवली जाते. कोण कुणाचं कोण ते कपाटात राहतं. नोंद गेली की ते पुसलं जातं, पण ज्यांचं होतं त्यांच्यापुरतंच. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सगळं आठवतं. आणि नोंद निघालेल्या माणसालाही सगळं आठवत राहतं, त्याला इलाज नाही. काउंटरताई आता अर्धा तास लवकर येतात, हे मी पाहिलं का, असंही त्यांनी विचारलं. फॉर्मच्या पाचव्या पानावर सगळं छापलेलं आहे म्हणे. 'आश्रितांची नोंद, देखभाल व निर्गत कंपनीच्या नियमांनुसार.' त्याखाली माझीच सही.

चौदा ओळी. माझ्याच हातानं काढल्या मी.

१८ मार्च, मंगळवार

पट्टे काढून फेकायचं मनात आलं. पण काढले की एजंट गप्प. गप्प झाला की तत्काळ. तत्काळ माझाच शब्द. मुलींना बजावलं, पट्टा काढायचा नाही, आंघोळीलाही नाही, झोपतानाही नाही. थोरलीनं का ते विचारलं. मी तिच्यावर ओरडले. कधी ओरडत नाही मी तिच्यावर.

मफलरची बायको आज बाकावर विणत बसली होती. मला बघून तिनं विणकाम उचलून दाखवलं. माझ्यासाठीचा मफलर, अर्धा झालाय. मला तोंड वर करता आलं नाही. मागच्या दारानं गेले.

१९ मार्च, बुधवार

आज धीर करून आश्रित गटात आमचं घर शोधलं. वाटलं, तीन ओळी बघितल्या की जिवात जीव येईल.

दोनच ओळी. एक नवऱ्याची. दुसरीवर थोरलीचं नाव. मी बघता बघता ते बदललं. धाकटीचं झालं. मिनिटानं पुन्हा थोरलीचं.

फॉर्म उघडला. थोरलीची पानं, मग त्याची कॉपी. नाव बदललंय, वय बदललंय, इयत्ता बदललीय. वरच्या कोपऱ्यातला ओळख क्रमांक तसाच आहे.

बालवाडीतही शिकवतात, म्हणाले होते मी.

२० मार्च, गुरुवार

आज मुलीला शाळेत सोडलं. एकुलती एक आहे म्हणून फार लाडावलीय, जिना उतरताना कडेवर घे म्हणाली. सहा वर्षांची घोडी! नवऱ्यानं डबा सुरेख भरला होता, एकच असला की सोपं जातं. पलंगावर एक मोठी मुलगी बसली होती, शेजाऱ्यांची असावी, तिला म्हटलं की बाळ, आता घरी जा—

दुपार. वरचं मी लिहिलंय. मीच लिहिलंय. ऑफिसात अचानक आठवलं, तशी पळत घरी आले. थोरली जिन्यात बसली होती. बाबानं दार लावून घेतलं म्हणाली. रडत नव्हती. तिनं मला विचारलं की मी काय केलं, आई?

मी तिला काय सांगू? तिनं काहीच केलं नाही. मी केलं.

२१ मार्च, शुक्रवार

मॅडमकडे गेले. पाया पडले. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, तत्काळचा नियम आल्यापासून एका क्रमांकावरच्या दोघींपैकी जिचं कळवणं मागे पडतं ती तेवढा वेळ विसरली जाते. अशा दोन नोंदी कन्सोल सोमवारपर्यंतच चालवून घेतं, दुपारी चारला एक ठेवून दुसरी काढतं, जी जास्त नेमानं कळवते ती ठेवतं. पण माझं काम चांगलं असल्यामुळे त्या मला सवलत देतील. कुठली ठेवायची ते मी स्वतः निवडावं. दुसऱ्या कर्मचाऱ्यांना ही सोय नाही, हे त्यांनी आवर्जून सांगितलं.

घरी येताना वाटेत दोघींचा विचार केला. थोरली मोठी आहे, तिला रस्ता कळतो, ती कुठेतरी निभावेल. आणि मग माझीच मला शिसारी आली. मी निवड करायला लागलेही होते.

२२ मार्च, शनिवार

सकाळी नवऱ्याला धाकटी कोण ते माहीत नव्हतं. दुपारी थोरली. संध्याकाळी दोघी होत्या. त्याला वाटतं, मला कामाचा ताण झालाय.

थोरलीला कळलंय. तिनं विचारलं नाही, पण धाकटीला ती आता एक मिनिटही सोडत नाही. माझ्याकडे बघते आणि आधी अंदाज घेते की आत्ता मी तिला ओळखते का. मग जवळ येते.

२३ मार्च, रविवार

उपाय आहे. त्या कंत्राटी पोराच्या सर्व्हरला केला तोच. एकीचा एजंट काढायचा, ओळख पुसायची, नवा क्रमांक द्यायचा, पुन्हा बसवायचा. दोन मिनिटांचं काम. मधली दोन मिनिटं तिची नोंद नसेल. म्हणून थोरलीच्या नावापुढे 'राखीव' अशी खूण करायची, तिला कुणी हात लावणार नाही. धाकटीची जागा आधी दुसऱ्या कपाटात नकलून ठेवायची. मी तिला विसरले तरी हातात वही असेल, वहीत वाचून पुढचं काम करेन.

मफलरना फोन करून विचारलं, बरोबर आहे ना? ते म्हणाले, अगदी बरोबर, पण फार घाई करू नका. आणि मग, आश्रित कोण आहेत तुमचे? त्यांनी मायेनं विचारलं.

२४ मार्च, सोमवार

दुपारचे तीन. हॉलमध्ये कन्सोलपुढे. वही मांडीवर.

विसरलीस तर वाच. तुला दोन मुली आहेत. थोरली अकरा, धाकटी सहा. दोघी तुझ्या. कुणी काहीही म्हणो.

थोरली राखीव. झालं. धाकटीची नक्कल झाली.

आता धाकटीची नोंद काढतेय. बटण दाबलं. पट्टी पुढे सरकतेय. वीस टक्के.

मफलर काचेपलीकडून काहीतरी खुणावतायत. बोटानं हवेत आकडा काढतायत. क्रमांक? हो, क्रमांक दिलाय ना, त्याशिवाय कन्सोल नोंद काढतच नाही—

नाव बघतच नाही ते. राखीवची खूण नावाला. काढायची आज्ञा क्रमांकाला. आणि क्रमांक तर दोघींचा—

थांबत नाहीये. साठ. रद्दचं बटण कुठे— नक्कलसुद्धा त्याच क्रमांका— देवा, सत्तर— थोरली, धाकटी, थोरली, धाकटी, थोर

२५ मार्च, मंगळवार

आज फार हलकं वाटतंय. काल काहीतरी दगदग झाली असावी, हॉलमध्ये चक्कर आली म्हणे. मॅडमनी स्वतःच्या गाडीनं घरी पोचवलं.

घरी नवरा दोन मुलींशी हुज्जत घालत होता. आमच्या स्वयंपाकघरात बसून दूध पीत होत्या! शाळेतून परस्पर आत शिरल्या, किल्ली कुठून मिळवली देव जाणे. मला बघताच लहान पायाला बिलगली. नवऱ्यानं दोघींना बाहेर काढलं. त्यांच्या मनगटांवर आपल्या कंपनीचे पट्टे होते, ते मात्र मी काढून घेतले. कंपनीची वस्तू आहे.

मागची पानं चाळली. अक्षर माझंच आहे. कुणा दोन मुलींच्या आईची गोष्ट लिहिलेली दिसते. नवरा फार हळुवारपणे म्हणाला की आपल्याला मूल नाही, ते तुझ्या मनाला लागलं असावं. मफलर जिन्याशी उभे राहून सांगत होते की त्या तुमच्याच मुली आहेत. म्हातारा चळला. काल त्यानं आपल्याच मफलरकडे बघून, हा मी कुठून आणला असेल, असं विचारलं होतं.

२६ मार्च, बुधवार

अजून दारातच आहेत. रात्रभर जिन्यात होत्या वाटतं. शेजारीण येऊन आम्हाला वाट्टेल ते बोलून गेली. पोटच्या पोरी, म्हणाली. नवऱ्यानं तिच्या तोंडावर दार लावलं.

मोठी आता रडत नाही. दाराला तोंड लावून एकच सांगतेय, शांतपणे, शिकवल्यासारखं. मला नका घेऊ, म्हणतेय. हिला तेवढं आत घ्या. ही लहान आहे.

रखवालदाराला फोन केलाय. यायला अर्धा तास.

लहान खाली बसलीय. दाराखालच्या फटीतून बोटं आत घातलीत. चार. हलवतेय. नवरा म्हणतो, बोटांवर पाय दे म्हणजे जातील. मी चप्पल घातली. उभी आहे. वही दारावर धरून लिहितेय, का ते कळत नाही. हिची नखं चपटी आहेत, करंगळीचं तर आत वळलेलं, माझ्या करंगळीसारखं, अगदी माझ्या